मिक्सर सुटण्याची सूचना

"मॅडम, मिक्सर लावून राह्यलो. तुमचं काही चालू असन तं बंद करजा."

मधल्या भिंतीवर टकटक, आणि मग ही सूचना. शेजारचे काका देवळीच्या बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना देत देत निवृत्त झाले होते. आवाजातली ती सवय गेली नव्हती; फक्त आता गाडीऐवजी मिक्सर सुटायचा. तो सुटला की आमच्या घरातले दिवे मान टाकायचे, टीव्ही बंद पडायचा आणि पलीकडून चटणीचा वास यायचा. ज्यांची घरं जुनी आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. आमच्या दोन घरांना खांबावरून एकच वायर होती. काकांच्या मीटरपाशी तिचे दोन फाटे व्हायचे.

काकू होत्या तोवर काकांनी कधी चहाही केला नव्हता. त्या गेल्यावर काही दिवस डबा आला, मग एकदम मिक्सर. मागोमाग इंडक्शन शेगडी, किटली आणि पोळ्या करायचं यंत्र. त्या यंत्रातली पहिली पोळी ते मला दाखवायला घेऊन आले. मी म्हटलं, पापड छान भाजलाय. पुढे बरेच दिवस भिंत गप्प होती.

लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल बोललं की उत्तर ठरलेलं. "वरूनच पावर कमी येऊन राह्यली. आपल्या घरात काही खोट नाई." वायरमनला दाखवू या म्हटलं, तर भिंती फोडायचा पसारा त्यांना नको असायचा.

वर्षश्राद्धानंतर त्यांची लेक पहिल्यांदाच नागपूरहून जेवायला येणार होती. काकांनी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायचं ठरवलं. काकूंच्या हातचा तो रस्सा गल्लीत नावाजलेला. आठवडाभर रंगीत तालीम चालली, आणि चाखायला मी.

रविवारी सकाळी सूचना झाली, मिक्सर सुटला. इंडक्शनवर कांदा-खोबरं परतणं चालूच होतं. आमचा दिवा या वेळी मंदावला नाही, उलट भगभगला. पाठोपाठ प्लास्टिक जळल्याचा वास. मी धावले तर मीटरच्या फळीमागून धूर निघत होता आणि काका हातात झारा घेऊन त्याच्याकडे नुसते बघत उभे होते. ओट्यावरचं लाटणं उचलून मी मेन स्विच खाली पाडला.

गल्लीतल्या वायरमनने आधी खांबावरूनच वायर सोडवली, मग फळी उघडली. आतला जोड कोळशासारखा काळा पडला होता आणि वायरींवरचं आवरण हात लावताच गळत होतं. दोन्ही घरांची सगळी वायरिंग बदलल्याशिवाय लाइट जोडणार नाही, असं सांगून तो गेला. काकांनी या वेळी वरच्या पावरचं नाव काढलं नाही. अर्धवट वाटलेल्या मसाल्याचं भांडं मांडीवर घेऊन ते पायरीवर बसून राहिले.

लेक आली. सगळं ऐकून तिने आमचा पाटा मागून घेतला आणि अंगणात वाटायला बसली. काका वरवंटा तिच्या हातून घेऊ लागले.

"तू बस. पाहुनी आहे तू."

"आई नाई म्हणून मी पाहुनी झाली का, बाबा?" तिने मान वर न करता विचारलं.

काका तिच्यासमोर बसले आणि बाजूला निसटणारा मसाला बोटांनी वरवंट्याखाली सारत राहिले.

रस्सा शेवटी आमच्या गॅसवर शिजला. पहिल्या घासालाच लेक म्हणाली, आईसारखा नाही झाला, तिखट फार आहे. आणि वाटी पुन्हा पुढे केली. काका त्या दिवशी तेव्हा पहिल्यांदा हसले.

मग भिंती फुटल्या, पसारा झाला, दोन्ही घरांना वेगवेगळ्या नव्या वायरी आल्या. पण काका त्या घरात फार दिवस राहिले नाहीत. लेकीला मुलगी झाली म्हणून नागपूरला गेले, ते तिथलेच झाले. घराला कुलूप आहे.

मध्यंतरी मी नागपूरला गेले होते तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. दार उघडंच होतं. काका जमिनीवर मांडी घालून नातीला वरण-भात भरवत होते, आणि प्रत्येक घासाला तिच्याआधी स्वतःच आ करत होते. मी आल्याचं दोघांनाही कळलं नाही. मीही थोडा वेळ दारातच उभी राहिले.