वाहेदभाईंचा माइक

देवीदास मास्तरांना वाहेदभाई फारसे ठाऊक नव्हते. त्यांचं लहानपण कुठं गेलं, भावंडं किती, हे दोन वर्षं शेजारी बसूनही मास्तरांनी कधी विचारलं नाही. म्हणून इथं आहे ते अर्धंमुर्धंच.

चांदूर बाजारला वाहेदभाईंचा व्हिडिओ हॉल होता. कापसाची ती वाईट वर्षं. तरी आठवडी बाजाराच्या दुपारी मारामारीचा सिनेमा बघायला माणसं येत. मग घरोघरी डिश आली आणि हॉल ओस पडला. मुलगा मोहसीन म्हणे, बंद करा, पुण्याला चला. वाहेदभाईंना जायचं नव्हतं. अजून एक बाजार बघू म्हणून त्यांनी अमरावतीहून घाईत एक सीडी आणली. लावली, तर सिनेमा आफ्रिकेतला, बोली अनोळखी, खाली इंग्रजी अक्षरं. हॉलमध्ये जेमतेम वीस माणसं, तीही चुळबुळ करू लागली.

"मास्तर, तुमी शाळेत इंग्रजी शिकवत होते ना? माह्या कानात सांगा." वाहेदभाईंनी प्रेक्षकांतल्या मास्तरांना शेजारी बसवलं, सिनेमाचा आवाज बंद केला आणि माइक घेतला.

पडद्यावरही कापसाचंच गाव. मोटारीतून उतरलेला साहेब गोऱ्यांच्या भाषेत भाषण ठोकत होता. मास्तर कुजबुजले, "योजना समजावतोय."

वाहेदभाई माइकवर म्हणाले, "साहेब म्हनते, तुमाले समजली नाही म्हनजे योजना चांगली हाये."

हॉल हसला. हसणं ऐकून रस्त्यावरची माणसं आत आली.

मग त्या गावची एक बाई नवऱ्यासमोर उभी राहिली. मास्तर अडखळले. "ती म्हणते, तू चांगला आहेस. पण मला शहर बघायचंय. एकटीनं."

"असंच म्हनते?"

"असंच."

वाहेदभाईंनी मागे पाहिलं. आता लोक उठले तर हॉल गेलाच. बाईच्या तोंडी दुसरं काही घालणं सोपं होतं. त्यांनी घसा खाकरला. "तू चांगला हायेस रे. पन मले शयर पाहाचं हाये. एकटीनं."

कुणी हललं नाही. मग पुढच्या रांगेतून पंचफुलाबाई पडद्यालाच म्हणाली, "जाय न बाई. कावून थांबून राहिली?"

शेजारी बसलेला तिचा नवरा सूर्यभान दचकला. "तुले कुठं जाचं हाये?"

"पैले हिले जाऊ द्या."

हॉल असा हसला की वाहेदभाईंना माइक खाली ठेवावा लागला. पुढच्या बाजाराला निम्म्या बायकाच होत्या, आणि पुण्याचं नाव मागं पडलं. पुढं दोन वर्षं दर बाजारी मास्तर कानात सांगत आणि वाहेदभाई माइकवर बोलत.

वाहेदभाई वारले त्याआधीच्या बाजारी, हॉलला कुलूप लावताना म्हणाले, "मास्तर, पुढच्या खेपेले जरा लवकर या. त्या सिनेमात लय बोलतात."

"जेवून येतो," मास्तर म्हणाले.