लाल दिवा विझेपर्यंत

दाजींचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत बसलो होतो. "पावणं, या आता," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवायचं विसरले. पलीकडून खुर्च्या सरकवल्याचा, सतरंजी झटकल्याचा आवाज येत राहिला. अक्का गेली, हे मला त्या आवाजांवरून कळलं.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे हुपरीचे; वडिलांचं, अण्णांचं चांदीच्या पैंजणांचं काम. घरात सगळ्यांचे हात चांदीत, हिचा जीव मात्र इंजिनात. मेकॅनिकल केलं, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काही वर्षं नोकरी केली आणि लग्नानंतर दाजींबरोबर उचगावात वर्कशॉप टाकलं. खाणीवरच्या मोठ्या डंपरांचे गिअरबॉक्स ती दुरुस्त करायची. नवा ड्रायव्हर आला की विचारायचा, "मिस्त्री कुठं हाईत?" आमच्याकडच्या बायका बोलतात तशी अक्काही 'आले, गेले' न म्हणता 'आलो, गेलो' म्हणायची. ती उत्तर द्यायची, "मीच बघतो की. बोला पावणं, काय झालंय?"

बहुतेक वेळा एकच झालेलं असायचं. गिअरबॉक्सचं तेल तापलेलं. भरलेला डंपर चढाला वरच्याच गिअरमध्ये रेटला की तेल तापतं. ते निववायला पुढे कूलर असतो, पण त्याच्या जाळीत धूळ-चिखल बसला की वारा आत शिरत नाही. अक्का तेल मोजायची पट्टी काढून तेलाचा वास घ्यायची आणि कपाळाला आठ्या घालायची. "एका दिवसात न्हाय मेला ह्यो. रोज थोडा थोडा भाजलायसा तुम्ही." मग बजावायची, तेल तापल्याचा लाल दिवा लागला की थांबायचं, न्यूट्रलला टाकायचं, पण इंजिन बंद करायचं नाही. बंद केलं तर पंखाही थांबतो आणि तेलही फिरत नाही.

महापुराच्या वर्षी नदीकाठच्या एका गावाचा रस्ता पाण्याखाली गेला. नावा पुऱ्या पडत नव्हत्या. एका खाणमालकानं आपला डंपर दिला, उंच चाकांचा, आणि अक्का स्वतःहून केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मी माणसांना हात द्यायला मागे हौद्यात. परतताना हौदा बायामाणसांनी गच्च भरला होता. एक म्हातारे आजोबा धापा टाकत होते; त्यांचं डोकं त्यांच्या लेकीच्या मांडीवर होतं. पाणी कापत डंपर रांगत होता. अर्ध्या वाटेत एका उंचवट्यावर तो थांबला. दिवा लागला होता. कूलरवर उसाचा पाला आणि गाळ थापल्यासारखा बसला होता.

अक्का गुडघाभर पाण्यात उतरली आणि दोन्ही हातांनी पाला ओढू लागली. वरून लोक ओरडायला लागले. इंजिन चालू आहे, मग गाडी का हलत नाही, हे कुणालाच कळेना. आजोबांची लेक हौद्याच्या काठावरून वाकून म्हणाली, "बाई, माझ्या बाबाचा जीव चाललाय. सोडा की गाडी!"

अक्कानं वर पाहिलं. "आत्ता सोडली तर फुडं मधीच हुबी ऱ्हाईल गं. मग कुणीच न्हाय निघणार. जरा थांब... जरा दम धर."

आम्ही थांबलो. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. इंजिन घुमत होतं, चहूकडे गढूळ पाणी, आणि आजोबांचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. मी त्यांचे तळवे चोळत राहिलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. तापमानाचा काटा खाली आला, दिवा विझला, डंपर निघाला. बाकी सगळे सुखरूप उतरले. आजोबांनी दवाखान्याच्या दारातच प्राण सोडला.

पुढं गावानं सत्कार ठेवला. अक्का गेली नाही. ती गेली त्या लेकीच्या घरी, मला सोबत घेऊन. लेकीनं चहा केला. बाबा आधीपासूनच आजारी होते, असं तीच आम्हाला समजावत राहिली. परत येताना अक्का गाडीत म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे." त्यानंतर दर पावसाळ्याआधी ती खाणीखाणीवर जाऊन डंपरांचे कूलर उतरवून धुवून घ्यायची. कूलरपुढे लावायच्या जाळ्या तिनं किती तऱ्हांनी करून पाहिल्या. एकीत पाला अडायचा नाही, दुसरीत वारा अडायचा. मनासारखी जाळी काही झाली नाही.

यंदा पोट दुखतंय म्हणून दाखवायला गेली, तर स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. दाजी एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे रिपोर्ट नेत राहिले. मी पुस्तकं वाचणारा माणूस. त्या आजारावर जे मिळेल ते वाचलं आणि तिला सांगण्यासारखं त्यात काही सापडलं नाही. शेवटी शेवटी ती फार बोलत नसे. एका दुपारी मी पाय दाबत होतो. वेदनेची लाट आली तशी तिनं माझं मनगट धरलं. मी म्हणालो, "थांब अक्का, जरा दम धर, आत्ता औषध लागू पडेल."

तिनं डोळे उघडले. "त्या पोरीला मी हेच म्हणालतो," ती म्हणाली. "तिला काय वाटलं आसंल, ते आत्ता कळतंय बाळू." मी पाय दाबत राहिलो. मला दुसरं काही येत नव्हतं.

परवा वर्कशॉपवर गेलो होतो. दाजींनी शटर अर्धंच उघडलं होतं. मागच्या नळाशी कट्ट्यावर एक स्टीलचा डबा आहे, साखरेचा. आम्हा जैनांच्या रीतीनं अक्का दिवस मावळायच्या आत जेवायची, आणि त्याआधी खोबरेल तेलात साखर कालवून हात चोळायची. तेवढ्यानंच नखांतलं काळं निघतं म्हणायची. डब्याचं झाकण उघडं होतं आणि मुंग्यांची रांग आत चालली होती. मी झाकण लावायला हात पुढे केला.

"असू दे," दाजी म्हणाले. "सवयीनं मीच भरून ठेवलाय काल."