गादीवाल्यांच्या बसने युरोप

बासिलिया कोल्के माद्रिदला आली ती युरोप बघायला नव्हे, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला. आम्ही बोलिव्हियाच्या बायका सगळ्या त्यासाठीच येतो. गावी फोन करताना मात्र प्रत्येकीच्या पाठीमागे एखादं कारंजं असतं. मला इथं येऊन जमाना झाला, अजून त्या कारंज्यांची नावं माहीत नाहीत.

माझ्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला बासिलियानं तिला मांडीवर घेतलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. म्हणून कामही मीच बघून दिलं. दोन्या विसितासिओन; इथं वयस्क बाईला मानानं दोन्या म्हणतात, पुरुषाला दोन. वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मी सांभाळते ते आजोबा, दोन एवारिस्तो, याच दोन्याच्या वरच्या मजल्यावर राहतात. ते बहिरे आहेत, त्यामुळे आमचं छान जमतं.

दोन्या विसीला एकच व्यसन होतं, फुकटच्या सहलींचं. दाराखालून कागद येतो: अमुक शहराची सहल, जेवण आमचं, वर डुकराची खारवलेली तंगडी भेट, फक्त मधे थोडी माहिती ऐकून घ्यायची. ती माहिती म्हणजे गाद्या. बस शहराबाहेरच्या एखाद्या हॉटेलाशी थांबते, म्हाताऱ्यांना हॉलमध्ये कोंडतात, आणि एक सुटाबुटातला माणूस गादीनं गुडघे, यकृत आणि वैधव्य कसं बरं होतं ते दुपारपर्यंत सांगतो. दोन्या विसीनं आजवर साधी उशीसुद्धा घेतलेली नाही. ती जेवायला आणि भांडायला जायची.

पहिल्या चार महिन्यांत बासिलियानं असा सगळा मुलूख पालथा घातला. आविलाची तटबंदी तिनं लांबून पाहिली, चुंबकाची उशी जवळून. एकदा मी विचारलं, "कोमाद्रे, तोलेदो कसं आहे?" तर म्हणाली, "कडक आहे, पण पाठीला चांगलं." तरी या सहलींवर तिचा जीव होता. पायाखाली गरम हवा येते, बाहेर शेतं पळतात, कुणाची चादर बदलायची नसते. सेगोव्हियाला तर तिनं भाजलेलं डुकराचं पिल्लू खाल्लं आणि खाता खाता रडली. म्हणाली, "ताता डुकरं पाळतात."

ताता म्हणजे तिचा बाप, दोन सातुर्निनो. बायको गेल्यापासून त्यांचं जेवणखाण बासिलियाच बघायची. ती निघाली त्या दिवशी त्यांनी जो अबोला धरला तो धरलाच. भाऊ फ्रोइलान फोन उचलायचा.

"ताता आहेत का?"

"आहेत."

"देतोस?"

"ते म्हणतायत, नाहीयेत."

असं दर रविवारी. फोन ठेवला की बासिलिया भांडी घासायला घ्यायची, घासलेलीसुद्धा.

आता आमच्या समुद्राचं सांगायला हवं. आम्हाला समुद्र नाही. होता, तो शेजाऱ्यांनी लढाईत घेतला, त्यालाही आता शंभराच्या वर वर्षं झाली. पण आरमार आहे. आरमाराला बँड आहे. आणि दर तेवीस मार्चला शाळेतली पोरं खलाशाचे कपडे घालून, समुद्र परत द्या म्हणत, भर उन्हात चौकातून कवायत करतात. दोन सातुर्निनोंनी तरुणपणी याच आरमारात सक्तीची नोकरी केली, म्हणजे एका तळ्याकाठी होड्या राखल्या. समुद्र कधी पाहिला नाही. तरी त्या दिवशी पांढरी टोपी चढवून चौकात पहिल्या खुर्चीवर बसणार, आणि त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं तर त्याचं काही खरं नाही.

मार्चमध्ये कागद आला: भूमध्य समुद्राची सहल, एक मुक्काम, परतीचा दिवस तेवीस. बासिलियाचे डोळे चमकले. "कवायतीच्या वेळी फोनवर समुद्र दाखवते ताताला. मग कसे बोलत नाहीत बघते."

मीही दोन एवारिस्तोंना बसमध्ये घातलं.

पोचलो ते रात्री उशिरा, आणि हॉटेल समुद्राला पाठ करून होतं. खिडकीतून पेट्रोल पंप दिसत होता. समुद्र टेकाडापलीकडे, चालत फार लांब नाही. पण नाश्ता होताच आम्हाला हॉलमध्ये घेतलं, दार लावलं, आणि विंचरून ठेवल्यासारखे दात दाखवत हसणारा एक पोरगेला विक्रेता मंचावरच्या गादीवर थापट्या मारू लागला. गाद्या संपल्या की जेवण, जेवण झालं की थेट बस. आणि गावची कवायत तिकडे सकाळी, म्हणजे इथल्या एकच्या सुमाराला.

बारा वाजून गेले तरी तो गडी अजून कण्याच्या मणक्यांवरच होता.

"सारखं घड्याळात काय बघतेस गं?" दोन्या विसीनं विचारलं.

"काही नाही, दोन्या."

"खोटं बोलू नकोस. मी उभा जन्म एका खोटारड्याबरोबर संसार केलाय."

बासिलियानं सांगून टाकलं. दोन्या विसीनं शांतपणे ऐकलं.

"बाप आरमारात, आणि समुद्र नाही?"

"नाही."

"आमचे हे हवाई दलात होते. स्टुलावर चढले तरी चक्कर यायची." मग काठी टेकत ती उठली, मंचावर गेली आणि बुटांसकट त्या नमुन्याच्या गादीवर आडवी झाली.

"बाई, काय करताय?" विक्रेता म्हणाला.

"मरतेय. तू चालू ठेव."

"उठा ना, लोकांना गादी दाखवायचीय."

"दाखव की. मरायलासुद्धा मऊ आहे म्हणावं."

हॉलमध्ये खसखस पिकली. विक्रेता घामाघूम झाला. डॉक्टरला बोलवू का म्हणाला, तर दोन्या कण्हत म्हणाली, "डॉक्टर नको. माझ्या गोळ्या संपल्यात. ही बाई जाईल आणायला, आणि ती दुसरी, तिला रस्ता दाखवायला. दार उघड, नाहीतर इथंच जाते आणि तुझी गादी वाया घालवते."

दार उघडलं. दोन एवारिस्तो गाढ झोपलेले. आम्ही पळालो.

टेकाड चढून उतरलो आणि रस्ता संपला. समोर समुद्र. वाळूवर लाल झालेले इंग्रज पालथे पडलेले. बासिलिया थबकली. शाळेत असताना याच्यासाठी ती दरवर्षी उन्हात चालली होती, एकदा चक्कर येऊनही पडली होती.

"एवढा?" ती म्हणाली. मग तशीच पाण्यात गेली, आणि मी फोन लावून तिच्या मागे गेले.

फ्रोइलाननं उचलला. मागे बँड, पोरांची कवायत, चौकाची धूळ. त्यानं फोन पांढऱ्या टोपीपुढे धरला.

"ताता, बघा," बासिलिया म्हणाली आणि तिनं माझ्या हातातला फोन पाण्याकडे वळवला.

म्हाताऱ्यानं फोन डोळ्यांजवळ ओढला. गावही त्याच्या खांद्यावरून डोकावत होतं.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

चार महिन्यांतला पहिला शब्द. बासिलियानं माझा दंड धरला. मीच म्हणाले, "भूमध्य, दोन सातुर्निनो."

"म्हणजे आपला नाही."

"नाही."

"आपला प्रशांत. गावातल्या अर्ध्या बायका गेल्या माद्रिदला, एकीलाही धड समुद्र सापडत नाही." मग आवाज जरा उतरला. "खारट आहे?"

बासिलियानं ओंजळ तोंडाला लावली. "खारट आहे, ताता. फार."

"आमचा सुभेदार सांगायचा. मला वाटायचं फेकतोय."

पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं होतं. ती रडत होती आणि ते लपवायची तसदी घेत नव्हती. "ताता, माझ्याशी का बोलत नव्हता?"

तिकडे बँड वाजतच होता. "बोललो असतो तर परत ये म्हणालो असतो," दोन सातुर्निनो म्हणाले. "तिथं पोटापाण्याला गेलेल्या पोरीला असं म्हणायचं असतं का?"

"मग आता म्हणा."

"आता काय म्हणू? मधे एवढं पाणी आहे हे मला कुठं ठाऊक होतं?"

"तरी म्हणा."

आणि भर चौकात, टोपी काढून, सगळ्या गावादेखत, ते म्हणाले.