दर आठवड्याला दुसराच कोणीतरी

माझा भाऊ फुटबॉल खेळतो, म्हणजे पगार घेऊन खेळतो, असं कोणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "हो का? कुठल्या जागी?" मी सांगायचे, "बाकावर." उगाच खोटं कशाला बोलायचं? स्ट्रायकर म्हणून घेतला होता त्याला, पण आमच्या शहराच्या संघात त्याने जवळजवळ सगळी वर्षं बसूनच काढली.

मी शहरबस चालवते. सामन्याच्या दिवशी अख्खी बस संघाच्या नावाने बोटं मोडत असते आणि ते सगळं माझ्या कानांवर आदळतं. त्या वर्षी तर विचारूच नका. हंगाम अर्धा संपला तरी संघ तळाला. एक कोच दिवाळं काढून गेला, दुसरा तर धड सामान लावायच्या आत गाशा गुंडाळून गेला. तळाला राहिलो तर खालच्या लीगमध्ये रवानगी, आणि तसं झालं की निम्मे खेळाडू घरी. त्यात पहिला नंबर कोणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको. भावाने तिशी ओलांडलेली, करार त्या हंगामापुरताच. तो म्हणायचा, "ताई, जायचं तर जाईन. पण जाण्याआधी एकदा तरी त्या मैदानावर खराखुरा सामना खेळून जाईन."

त्याला संघात सगळे नकल्या म्हणतात. लहानपणापासूनची खोड ती. आमचे वडील एक खांदा खाली पाडून चालायचे, तर हा त्यांच्या मागून तस्साच चालायचा. वडिलांनी एकदा मागे वळून पाहिलं, मारायला हात उचलला आणि स्वतःच असे हसत सुटले की मार राहूनच गेला. तेव्हापासून याला धरबंध राहिला नाही. शाळेतले मास्तर, शेजारचे काका, दाताचा डॉक्टर, कोणाला म्हणून सोडलं नाही.

तर हंगामाच्या मध्यावर नवीन मुख्य कोच आले. पन्नाशीचे, किडकिडीत, आवाज इतका हळू की खेळाडूंना पुढे वाकून ऐकावं लागायचं. दर दोन वाक्यांना चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि न घालताच पुढे बोलायचं, ही त्यांची सवय. आता असा माणूस आयता समोर आल्यावर माझा भाऊ गप्प बसणार आहे होय? तिसऱ्याच दिवशी जेवणाच्या खोलीत त्याने टेबलाजवळ उभं राहून कोचची नक्कल करून दाखवायला सुरुवात केली. चष्मा नव्हता म्हणून चमचा पुसत होता. पोरं पोट धरून हसत होती, आणि मग एकदम हसायची थांबली. कोच दारात उभे.

"पुन्हा कर," कोच म्हणाले.

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. पण सुटका नव्हती, म्हणून केलं पुन्हा. कोचनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "शनिवारी ज्यांच्याशी खेळायचंय, त्यांचा स्ट्रायकर येईल तुला असा?"

"येईल की," भाऊ म्हणाला. झालं. इथूनच सगळं सुरू झालं.

कोचनी पद्धतच पाडली. सोमवारी भावाला बसवून पुढच्या संघाच्या स्ट्रायकरचे सामने दाखवायचे, आणि मंगळवारपासून भाऊ सरावात तोच माणूस व्हायचा. कोणी डावखुरा, कोणी चेंडू पायात येण्याआधीच वळणारा, कोणी नुसता वारा लागला तरी गोलसमोर लोळण घेणारा. आणि हा काय अर्धवट करणार? घरीही तेच! डावखुऱ्याच्या आठवड्यात डाव्या हाताने जेवायचा आणि आमटी सांडायचा. माझी लहानगी भाची सोमवारी रात्री त्याला विचारायची, "बाबा, या आठवड्यात तुम्ही कोण?" माझी भावजय मला म्हणाली, "ताई, दर आठवड्याला नवा नवरा. सवय होईपर्यंत बदलतो."

आमच्या बचावात एक धिप्पाड गडी आहे, पैलवान म्हणतात त्याला. पूर्वी त्याला कोणीही हुलकावणी देऊन जायचं. आता आठवडाभर भावाने त्याच्या नाकी नऊ आणल्यावर शनिवारचा खरा स्ट्रायकर त्याला ओळखीचा वाटायला लागला. "हा आता आत वळणार" म्हणून तो आधीच तिथे जाऊन उभा! गोल बसायचे कमी झाले. मग बरोबरी व्हायला लागली, मग एक-दोन सामने जिंकलोही. माझ्या बसमधली माणसं चक्क पैलवानाचं कौतुक करायला लागली. पेपरात त्याचा फोटो आला, हाताची घडी घालून.

आणि माझा भाऊ? बाकावर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला म्हटलं, "तू जाऊन बोल ना!" तर म्हणे, "सर माझ्याशी चांगले वागतात गं." अरे, चांगलं वागणं घेऊन काय लोणचं घालायचंय?

कोचना गाडी चालवता येत नव्हती. ते सकाळी सरावाला बसने जायचे, आणि एके दिवशी नेमके माझ्याच बसमध्ये चढले, पुढच्या दारापाशी उभे राहिले. माझ्या डोक्यावर पाटी आहे, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. पण चालकाने बोलू नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

"नमस्कार. मी नकल्याची मोठी बहीण," मी समोर बघत म्हटलं. "तुमचं सगळं छान चाललंय, नाही? माझा भाऊ आठवडाभर राबतो, आणि शनिवारी फोटो दुसऱ्याचे. एवढं सगळं करतो तो तुमच्यासाठी, त्याला खेळायला कधी घेणार?"

मागची सगळी बस कान टवकारून. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

कोचनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "बाई, मला एक सांगा. तो स्वतः कसा खेळतो?"

"म्हणजे?"

"लीगमधला प्रत्येक स्ट्रायकर मला त्याने दाखवला. स्वतःला दाखवलं नाही. सरावानंतर मोकळं खेळायला सोडलं तरी तो कोणीतरी दुसराच असतो. मी मैदानात उतरवू कोणाला?"

सिग्नलला गाडी थांबली होती.  तो कधी हिरवा झाला ते कळलंच नाही, मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा गाडी हलवली.

संध्याकाळी मी भावाकडे गेले आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, चिडेल, नाहीतर कोचचीच नक्कल करून हसवेल. त्याने ताट बाजूला सारलं. "खरंय ते," म्हणाला. "चेंडू पायाशी आला की मला आधी कोणीतरी दिसतं. तो काय करेल तेच मी करतो. माझं काय होतं, ते मला आठवतच नाही, ताई." भावजयीने माझ्याकडे असं पाहिलं की मी कशाला बोलले असं झालं मला. पण बोलले ते बोलले, आणि बरंच झालं. कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

शेवटचा सामना आला. आमच्याच मैदानावर. जिंकलो तर लीगमध्ये राहणार, नाहीतर खाली. बरोबरीही चालणार नव्हती. मी पाळी बदलून घेतली आणि भावजय, भाची आणि मी तिघी जाऊन बसलो. गोल नाही, नुसती धावाधाव. शेवटची वीस-एक मिनिटं उरली आणि आमच्या मुख्य स्ट्रायकरने मांडी धरून बसकण मारली. कोचनी बाकाकडे पाहिलं. भाऊ आधीच उठून उभा होता.

तो मैदानात शिरताना कोच त्याच्या कानात काहीतरी म्हणाले. नंतर कळलं, "तुला वाटेल ते कर" एवढंच.

पहिला चेंडू आला, भावाने डावखुऱ्यासारखी गिरकी घेतली. चेंडू गेला. दुसरा आला, आता हा दुसराच कोणीतरी, तोही गेला. लोक ओरडायला लागले. माझ्या मागचा एक माणूस म्हणाला, "याला कोणी सोडलं आत?" मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं. पण खरं सांगते, तोच प्रश्न माझ्याही मनात आला होता.

आणि मग ते झालं. भाऊ चेंडू घेऊन बाजूने धावत सुटला, आणि मागून पैलवान धावत आला आणि त्याने चेंडू काढून घेतला! स्वतःच्याच माणसाकडून! तोही किती सफाईने! महिनोन् महिने रोज त्याने तेच केलं होतं, नकल्या दिसला की चेंडू काढायचा. काढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो तसाच उभा राहिला, चेंडू पायाशी, तोंड उघडं. अख्खं मैदान हसलं. दुसऱ्या संघाचा गोलकीपरही हसला. पैलवानाने घाईघाईने चेंडू बाहेर मारला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

भाऊ कमरेत वाकून हसत होता. मी त्याला तसं हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं.

त्यानंतर तो वेगळाच धावायला लागला. मला फुटबॉलमधलं फार कळतं असं नाही, पण त्याच्या पायांत घाई नव्हती, एवढं दिसत होतं. अगदी शेवटी उंचावरून एक चेंडू आला. भावाची पाठ गोलकडे, दोघं बचावपटू अंगावर. त्याने चेंडू खाली पडू दिला, टप्पा घेऊ दिला, आणि पडता पडता वळून बुटाच्या टोकाने असा काही टोचला की मला वाटलं चुकून लागला. कुठलाच कोच असा फटका शिकवणार नाही. लहान पोरांनी मारला तर कान धरतात. चेंडू वरच्या दांडीवर आदळला आणि खाली आला. आणि तिथे कोण? पैलवान! पुन्हा नकल्याच्याच मागे लागून आत आला होता. चेंडू त्याच्या पोटावर लागला आणि जाळ्यात गेला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी मागच्या त्या माणसाला मिठी मारली होती, असं भाची सांगते.

नंतर आम्ही खेळाडूंच्या खोलीबाहेर थांबलो. आतून नुसता कल्ला. कोच बाहेर आले, मला ओळखलं आणि म्हणाले, "पुढच्या हंगामाचा करार उद्या करतोय त्याच्याशी. तेव्हा दर सोमवारी दुसऱ्या कोणाला तरी बसवावं लागेल सामने बघायला." त्यांचा चष्मा वाकडा झाला होता. कोणीतरी उचलून घेतलं असणार त्यांना.

मग भाऊ आला. गुडघे खरचटलेले, केस ओले. गोल पैलवानाच्या नावावर लागला होता, उद्याच्या पेपरात फोटोही त्याच्याच पोटाचा येणार होता. मी विचारलं, "काय रे, तो शेवटचा फटका कोणाचा होता?"

तो विचार करायला लागला. खरंच, भिंतीला टेकून एकेक स्ट्रायकर आठवत राहिला, ओठ हलत होते त्याचे. अख्खी लीग संपवली त्याने.

"कोणाचाच नाही गं, ताई," तो म्हणाला. "असं कोणीच मारत नाही."

आणि मग त्याला रडू फुटलं. भाची घाबरली, मला म्हणाली, "आत्या, बाबा आता कोण झालेत?"

"कोणी नाही गं," मी म्हटलं. "हा तुझा बाबाच आहे."