सोमवारचा कुकर

“काल ह्येच्यात काय शिजयलंस गो?” पहिल्या रांगेतल्या दुर्गाकाकींनी विचारलं. मी नुकती स्टोव्हला पिन केली होती. कट्टा गावच्या बाबलशेठांचं भांड्यांचं दुकान बायकांनी गच्च भरलेलं, आणि काकींचं बोट माझ्या कुकरकडे.

साठ सालानंतरची गोष्ट. प्रेशर कुकर तेव्हा नवलाईचा. मी कंपनीची डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे गावोगावी जाऊन भात, वरण, उसळ असं सगळं जेवण फक्त एका कुकरमध्ये करून दाखवायचं. शिटीला घाबरून कुणी पळू नये, हेही बघायचं. माझं प्रोबेशन संपत आलं होतं. बाबांनी निक्षून सांगितलेलं, पर्मनंट झालीस तर नोकरी, नाहीतर जामसंड्याला परत ये, स्थळ बघून ठेवलंय. स्थळ मी पाहिलं होतं. मला नोकरी हवी होती. ते ठरवणारे सेल्स मॅनेजर मुंबईहून येऊन माझ्या मागेच खुर्ची टाकून बसले होते.

वार सोमवार. आमच्याकडे त्या दिवशी मासळी बंद. मी साहेबांना आधीच म्हटलं होतं, वार बदलूया. ते म्हणाले, मेनू व्हेज करा, झालं. मेनू व्हेजच होता, काळ्या वाटाण्यांची उसळ. पण सोमवार पाळणाऱ्या घरात मासळीची भांडीही वेगळी असतात, असं मी म्हटलं. त्यावर साहेब म्हणाले, घासलं की भांडं स्वच्छ. आता यांना काय सांगायचं, कप्पाळ!

साहेब मागून हळूच म्हणाले, “नवा आहे म्हणून सांगा.”

खोटं बोलायला माझी ना नव्हती, पण ते पचलं नसतं. कुकरच्या झाकणात रबराची रिंग असते, तिला गॅस्केट म्हणतात. ती वाफ धरून ठेवते. वासही धरून ठेवते. काकींनी झाकण हातात घेतलं की संपलंच असतं. शिवाय या बायांना सोमवारी फसवायचं माझ्या जिवावर आलं. माझी आईही सोमवार पाळायची.

“बांगडे,” मी म्हटलं. “काल वेंगुर्ल्याक. ह्येच्यातच.”

कुजबुज सुरू झाली. दोघीतिघी पदर सावरत उठल्या. जामसंड्याची एसटी डोळ्यांसमोर उभी राहिली.

मग मी बाबलशेठांना सांगितलं, मालातला एक नवा खोका फोडा. शेठ साहेबांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, विकायचा माल डेमोला वापरायचा नाही, कंपनीचा नियम आहे. मी म्हटलं, मग मी सामान आवरते, यांच्याशी तुम्ही बोला. साहेबांनी एकदा काकींकडे पाहिलं आणि शेठांना मान हलवून हो म्हटलं.

काकींनी नव्या कुकरचं झाकण नाकाशी धरलं आणि खात्री पटल्यावर परत दिलं. मी भात, डाळ आणि भिजवलेले वाटाणे एकावर एक डब्यांत लावले. शिटी झाली तेव्हा मागची रांग रस्त्यावर गेली आणि परत आली. झाकण उघडल्यावर काकींनी एक वाटाणा बोटांत चिरडला. लोण्यासारखा झाला होता. भाताचं पाणी वेळून पेज काढता येत नाही म्हणून त्यांचं नाक मुरडून झालं. मग त्या शेठांना म्हणाल्या, “माका दोन व्हये. एक सोमवाराक, एक बाकीच्या दिवसांक.”

काकींनी दोन घेतल्यावर एकच कुकर घ्यायची कुणाची छाती होईना. एक घेणं म्हणजे आमच्या घरचं सोमवारचं जेवण बांगड्याच्या भांड्यात शिजतं, असं चारचौघींत कबूल करणं. ज्यांना परवडलं त्यांनी जोड्या नेल्या. बाकीच्या म्हणाल्या, आमचो टोपातलो भातच बरो. शेठांकडचा माल मात्र त्याच दिवशी संपला.

साहेबांनी हेड ऑफिसला रिपोर्ट दिला. त्यात जोडीने कुकर विकायची कल्पना त्यांची स्वतःची होती. त्यांना प्रमोशन मिळालं. मी पर्मनंट झाले आणि बाबांनी तोंड वाकडं करून स्थळाला नकार कळवला. पुढे साहेबांनी तीच स्कीम घाटावर चालवली. तिथे गिऱ्हाइकं विचारायची, दुसरा कशाला? साहेबांना ते सांगता येईना.

मी एवढंच शिकले, की नव्या गावात मेनू नंतर ठरवावा, आधी वार विचारावा. आणि खरं बोलायचंच असेल, तर मागे एक नवा खोका आहे याची खात्री करून बोलावं.