सायकलच्या मागे गाडी

दक्षिण इटलीच्या त्या डोंगरांत मी पहिल्या गिअरवर जितकी गाडी चालवली, तितकी अख्ख्या इंग्लंडमध्ये चालवली नसेल. पुढे सायकलवर आमचे हे, मागे भाड्याच्या पांढऱ्या गाडीत मी, आणि माझ्या मागे हॉर्न वाजवून वैतागलेला एखादा ट्रॅक्टर. गावातून जाताना म्हातारे बाकांवरून उठून बघायचे. कसली वरात निघाली आहे, हे त्यांना कळत नसावं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हे साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर होते. ऐंशीच्या दशकात आम्ही पुण्याहून तिथे आलो तेव्हापासून हे सायकलनंच कामावर जायचे. बाकीची आपली मंडळी मोठाल्या गाड्या घेत होती आणि आमचे हे भर पावसात पँटला क्लिपा लावून निघायचे. इटलीत, बसिलिकाताच्या डोंगरांत सायकलनं फिरायचं हे त्यांचं जुनं खूळ. त्या भागाचा नकाशा स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी चिकटवलेला होता. त्याच नकाशाखाली एका संध्याकाळी हे छातीला हात लावून कोसळले. अँब्युलन्सचा माणूस गुडघे टेकून त्यांच्या कानाशी त्यांचं नाव घेऊन ओरडत होता, पुन्हा पुन्हा, आणि हे ओ देत नव्हते. मी हातात झारा घेऊन नुसती उभी होते.

वाचले. पण घरी आले ते निम्मेच. जिन्यात मध्येच थांबून स्वतःची नाडी बघायचे. सायकल गॅरेजमध्ये धूळ खात पडली. आयुष्यभर दुसऱ्यांना 'चाला, फिरा' सांगणारा माणूस कोपऱ्यावर दूध आणायलाही गाडी काढायला लागला. मला ते बघवत नसे, आणि तरी मनातून बरंही वाटायचं, की निदान डोळ्यांसमोर तरी आहेत.

मग एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "आता नाही गेलो तर कधीच जाणार नाही." मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना? त्यावर मिल्टन कीन्सहून लेकीचा तिच्या मोडक्या मराठीत फोन. "आई, बाबाला जाऊ दे ना. स्पेशालिस्टनी पण सांगितलं व्यायाम चांगली आहे. यू कान्ट लॉक हिम अप!" तिचं काय जातंय! तिच्या गावात सायकलींसाठी सपाट लाल रस्ते केलेले, वाटेत चढ असा नाहीच. शेवटी तडजोड झाली. ह्यांनी सायकल चालवायची आणि मी औषधं, थर्मास आणि दशम्यांचा डबा घेऊन मागोमाग यायचं.

देश सुंदर होता, खोटं कशाला बोलू. गहू कापून झालेला, टेकड्या पिवळ्या पडलेल्या, रस्त्याच्या कडेला रानबडीशेप माजलेली. गावं मात्र सगळी डोंगराच्या टोकावर. पण मी त्यातलं फारसं बघितलंच नाही. माझे डोळे ह्यांच्या पाठीवर. शर्ट घामानं किती भिजलाय, खांदे कसे हलताहेत, मान खाली गेली का. जरा वेग मंदावला की मी काच खाली करून ओरडायची, "अहो, थांबता का?"

तिसऱ्या की चौथ्या सकाळी हे खरोखरच थांबले. सायकल आडवी लावून माझ्या खिडकीशी आले.

"तू मागून येतेस ना, तेव्हा मला सारखं वाटतं अँब्युलन्सच मागे लागलीय. मी पडायची वाट बघतेयस."

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस हाडाची काडं करून मागे फिरतेय त्याचं हे फळ! "मग या तुमचे तुम्ही," असं म्हणून मी गाडी दामटली आणि थेट वरच्या गावात जाऊन चौकात उभी केली.

राग ओसरायला कितीसा वेळ लागणार? एक कॉफी संपेपर्यंत ओसरला. हे आले नाहीत. दुसरी कॉफी पिववेना. गाडी काढून आलेल्या रस्त्यानं खाली गेले, पार भांडलो होतो त्या जागेपर्यंत. हे कुठेच नव्हते. परत वर आले आणि गाडीचं दार उघडंच टाकून चौकात धावले.

चौकातल्या दुकानाची बाई बाहेर आली. पदर नव्हता म्हणून एप्रनला हात पुसत माझ्यासमोर उभी राहिली. भाषेची बोंब. मी हातांनी पेडल मारून दाखवलं, छातीवर हात ठेवला, गळ्यातलं मंगळसूत्र उचलून दाखवलं. बाईला सगळं कळलं. तिनं मला मनगटाला धरून चौकाच्या टोकाला, कठड्यापाशी नेलं. खाली झाडीतून एक जुना, उखडलेला रस्ता वळणं घेत वर येत होता. मी आले तो नवा रस्ता डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होता. सायकलवाले ह्या जुन्या रस्त्यानं येतात, असं तिनं खुणेनं सांगितलं आणि तोंडाशी हात नेऊन म्हणाली, हाक मार.

ह्यांचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच; आमच्या पिढीच्या बायका कुठे नवऱ्याला नावानं हाक मारायच्या! पण तेवढंच कारण नव्हतं. त्या नावाबरोबर मला स्वयंपाकघरातली फरशी दिसली, त्यांच्या कानाशी वाकलेला तो माणूस दिसला. ते नाव मोठ्यानं घेतलं आणि पुन्हा उत्तर आलं नाही तर?

मी जीव खाऊन ओरडले, "अहो!"

बाईला वाटलं तेच नाव. तीही ओरडली. पत्ते खेळणारे म्हातारे डाव टाकून कठड्याशी आले. त्यांना 'ह' म्हणता येईना, पण आवाज असे, की दरी दणाणली. "आऽओ! आऽऽओ!" अख्खं गाव माझ्या नवऱ्याला अहो म्हणत होतं. मला रडू फुटलं आणि हसूही.

मग खालून, झाडीतून, बारीकसा आवाज आला. "अगं, ओरडू नकोस! येतोय!"

सायकल ढकलत वर आले. लालबुंद, घामाघूम, पण धडधाकट. बाईनं पाणी दिलं, पाव दिला, म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली. मी चारचौघांत त्यांच्या गळ्यात पडले. पुण्यात असं केलं नसतं. थोडा दम खाल्ल्यावर हे म्हणाले, "अर्ध्या वाटेवर छातीत धडधडायला लागलं. दगडावर बसलो. डॉक्टर म्हणून कळत होतं, काही झालेलं नाही. पण वर यायचा धीर होईना आणि खाली जायचाही. आणि एकदम सगळा डोंगर तुझ्यासारखा ओरडायला लागला. इतकं हसलो, की धडधड कुठे गेली कळलंच नाही."

"सारखं 'थांबता का, थांबता का' म्हणून मीच ती धडधड तुमच्या मनात जागी ठेवत होते," मी म्हटलं. ते मला तेव्हाच कळलं आणि फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच गावातून निघालो. पुढे आणखी मोठा चढ होता. म्हातारे आधीच कठड्याशी येऊन बसले होते. ह्यांनी सायकलवर टांग टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि दुकानाच्या पायरीवर बसले. म्हटलं, "वरच्या वळणावर पोचलात की हाक मारा. मग निघते."

हे गेले. पाठ लहान होत होत झाडीत दिसेनाशी झाली. किती वेळ गेला कोण जाणे. माझे कान नुसते डोंगराला लागले होते. दुकानाची बाई शेजारी येऊन बसली आणि तिनं माझा हात धरला.

मग वरून हाक आली. माझ्या नावानं नाही, 'अगं' म्हणूनही नाही. माझीच हाक, मोठ्ठ्यानं, मला परत.

"अहो!"

मी उभी राहून ओ दिली.