काठची पात

सुंदराबाई गोष्ट सांगू लागली की कापूस भरभर वेचला जातो, असं खुशालराव पाटील म्हणत, आणि ते खरं होतं. बार्शीटाकळीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मी चौथीपर्यंतच्या शाळेवर मास्तर होतो. शाळेच्या ओट्यावरून पाटलांचं नाल्याकाठचं वावर दिसे. कापूस फुटला की बायका तिथे रांगेनं वेचायला लागत. प्रत्येकीची एक पात, म्हणजे पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या, दोन-तीन ओळी. कमरेच्या ओटीत कापूस टाकत सगळ्यांनी बरोबरीनं पुढे सरकायचं. मधली पात सुंदराबाईची. ती वेचत वेचत सांगे, आणि जी मागे पडेल तिला ऐकू येत नसे. म्हणून कोणी मागे पडत नसे.

ती बारीक अंगाची, हलक्या आवाजाची बाई होती. भीतीची जागा आली की इतर लोक आवाज चढवतात. ती आणखी खाली उतरवी. मग बाजूच्या पातीवरच्या बायका तिच्याकडे सरकत, आणि पाटलांच्या गड्याला ओरडावं लागे की पात सोडू नका.

गोष्ट एकच होती, पण ती सरत नसे. दिवस कलला की सुंदराबाई अशा ठिकाणी थांबे, की बायकांना घरी जाताना एकमेकींचा पदर धरावा लागे. गोष्टीतल्या बाईला नाव नव्हतं. बायका तिला काठवाली म्हणत. ती कोण्या काळी कापूस वेचायला आली, तिला कोणी पात दिली नाही, आणि वावराच्या काठावर उभ्या उभ्या ती मेली. तेव्हापासून ती पात मागत फिरते. सुंदराबाईनं तिला उभं केलं होतं ते पाटलांच्याच वावराच्या काठाला, नाल्यावरच्या हिवराच्या झाडाखाली. पुढे तिनंच मला सांगितलं की त्या सावलीत बायका गप्पा मारत बसायच्या आणि गोष्ट अर्धवट राहायची, म्हणून तिनं ती जागा निवडली. तेवढंच कारण होतं.

बायकांनी त्या गोष्टीतल्या दिवसांना नावं दिली होती. केसाच्या दिवशी गोष्टीतली एक बाई ओटी रिकामी करायला गेली, तर कापसात एक लांब ओला केस निघाला. ती ओढू लागली, केस येतच राहिला, आणि मग दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी तो हळूच मागे ओढला. त्या दिवशी सगळ्या बायका बोंडागणिक कापूस निरखून ओटीत टाकत होत्या, आणि पाटलांच्या घरी इतका स्वच्छ कापूस कधी आला नव्हता.

भाकरीचा दिवस त्याहून वाईट होता. भर दुपारी गोष्टीतल्या सगळ्या बायका निंबाखाली भाकरी सोडून बसल्या, आणि पाहतात तर वावरात एक जण अजून वाकून वेचतेच आहे. यांच्यातलं तर कोणी कमी नाही. एकीनं हाक मारली, ये वो बाई, भाकर खाय. ती वळली नाही. वाकल्या वाकल्याच म्हणाली, माही पात सरली की येतो. आणि तो आवाज हाक मारणारीचाच होता. त्या दिवशी रुख्मिणीनं, जी कोणाला भीत नसे आणि गोष्ट चालली असताना सुंदराबाईची टर उडवे, तिनं भाकरी तशीच बांधून घरी नेली.

शेवटचा दिवस होता पंचावन्न सालच्या हंगामातल्या अखेरच्या वेचणीचा. गोष्टीतली एक बाई काठच्या पातीवर एकटी राहिली. मागून पावलं आली. मागे पाहायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. अगदी पाठीशी आवाज आला, "मले एक पात देतां का वो बाई?" तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि सुंदराबाई म्हणाली, बाकीचं आता पुढच्या सालात.

बायकांनी वर्षभर वाट पाहिली. पण छप्पनच्या दसऱ्याला सुंदराबाईचं घर, तिच्या सगळ्या वस्तीबरोबर, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं. तिचा थोरला दीर बुधाजी मोठा नेमाचा माणूस. त्यानं घरातले देव नाल्यात सोडले आणि भावजयीला सांगितलं, "देव टाकले, मंग भुतं कायले ठेवता?" सुंदराबाईला ते पटलं. वेचणी सुरू झाली तेव्हा बायकांनी गोष्ट मागितली आणि तिनं नाही म्हटलं. रुख्मिणीनं टोमणे मारून पाहिले, पार्बताबाई म्हातारीनं विनवण्या केल्या. ती म्हणाली की गोष्ट नव्हतीच, मी मनानं रचली होती.

हे तिनं बोलायला नको होतं. सांगणारी बाई गोष्ट मध्येच टाकते आणि वर ती खोटी होती म्हणते, याचा अर्थ बायकांनी आपापला लावला: हिला काहीतरी दिसलं. त्या सालापासून काठची पात कोणी धरेना. पाटील रागावले, समजावून थकले. सगळं वावर वेचून हिरवं-तपकिरी होई आणि हिवराखालची एक पट्टी पांढरीच राही. बोंडं लोंबत, वाऱ्यानं कापूस बाभळींना जाऊन चिकटे. शाळेच्या ओट्यावरून ती पट्टी मलाही दिसे, आणि संध्याकाळी मी तिकडे पाठ करून बसत असे.

सुंदराबाईची मुलगी ललिता माझ्या शाळेत होती. लहानपणी ती वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, खेळत असे आणि ती सगळी गोष्ट तिनं ऐकली होती. मुलगी अशी की एकदा वाचलेलं विसरत नसे. काठवालीही विसरली नव्हती. साठ साली ती चौथी पास झाली आणि देवमननं, तिच्या वडिलांनी, तिला बार्शीटाकळीच्या शाळेत घातलं. वस्तीतून पुढे शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी. वाट नाल्यातून, हिवराखालून आणि त्या धुऱ्यावरून. पावसाळाभर देवमन तिला पोचवी आणि आणी. दिवाळीत त्याला रेल्वेत गँगमनची नोकरी लागली आणि तो अकोल्याकडे गेला. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा काठची पात पांढरी झाली होती. ललिता दोन दिवस नाल्यापर्यंत गेली आणि परत आली. मग जाईनाशी झाली.

बार्शीटाकळीच्या मास्तरांनी मला निरोप पाठवला की मुलगी महिनाअखेरपर्यंत आली नाही तर नाव कमी करावं लागेल. मी तो सुंदराबाईला सांगायला गेलो. ती चुलीपुढे होती. मी बोललो तेवढा वेळ तिनं मान वर केली नाही. मग मुलीला जवळ बोलावून म्हणाली, "थे बाई नाईच वो पोरी. मी रचली होती तिले."

ललितानं आईला विचारलं, "मंग तू काहून काठची पात घेत नाई?"

 चार सालं सुंदराबाईही ती पात टाळत होती. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली की गुरुजी, शनिवारी पोरीले पाठवतो.

शनिवारी सकाळची शाळा असे. बुधाजी बाजाराला निघाला होता, तो ललिताला सोबत घेऊन गेला. दुपारी परतताना ती एकटीच असणार होती. आईनं तिला सांगून ठेवलं होतं की मी काठच्या पातीवरच राहीन, तुले रस्त्यावरून दिसन. पाटलांना तिनं ती पात मागितली तेव्हा ते आधी हसले आणि मग तिचं तोंड पाहून हो म्हणाले.

पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं.

सुंदराबाईनं दुपारपर्यंत आपली नेहमीची पात वेचली. बायका भाकरीला उठल्या तेव्हा ती काठाला गेली. सगळ्या असताना ती पात वेचली असती तर मुलीच्या दृष्टीनं त्याला काही अर्थ नव्हता. ऊन मोठं होतं, म्हणून तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. पहिल्या बोंडातला कापूस दोनदा ओढला तरी निघेना. पाठीमागे हिवर होता. वारा नव्हता, तरी पाला वाजल्यासारखा वाटे. ती स्वतःशी म्हणत राहिली की मीच हे रचलं, मीच हे रचलं. पण प्रत्येक बोंडाला वाकताना पाठ उघडी पडल्यासारखी वाटे. आणि मागे पाहायचं नाही, हेही तिचंच सांगणं होतं.

ललिता नाला चढून वर आली. पलीकडे निंबाखाली सगळ्या बायका भाकरी सोडून बसलेल्या. वावरात एकच जण, काठाला, वाकून वेचते आहे, तोंड पदरात. आई असेल, आईच असणार, हे तिला माहीत होतं. आई तिथे राहीन म्हणाली होती. पण भाकरीच्या दिवसातही सगळं असंच होतं. हाक मारावी, तर आपल्याच आवाजात उत्तर आलं तर काय? तिचे पाय धुऱ्यावर थांबले. नाला मागे होता, तिकडेही जाववेना. शेवटी ती एकेक पाऊल टाकत त्या वाकलेल्या बाईकडेच निघाली.

सुंदराबाईनं पावलं ऐकली. पावलं अगदी पाठीशी येऊन थांबली. मुलगी असती तर माय म्हणाली असती. कोणी काही म्हणत नव्हतं, नुसता श्वास ऐकू येत होता. तिच्या हातातलं बोंड तसंच राहिलं. मला ती म्हणाली की त्या वेळी ललिताची आठवणच झाली नाही, एवढंच वाटलं की आली.

मग मागून मुलीचा आवाज आला, रडका आणि अडखळता.

"हे पात तुमचीच हाय, बाई. घ्या."

 आवाज ललिताचा होता. पण काठवाली तर दुसऱ्याचाच आवाज घेते. सुंदराबाई तशीच वाकून राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की काठवाली मागते. आजवर तिनं कोणाला काही दिलं नव्हतं. आपण तसं कधी सांगितलंच नव्हतं. हे देणारं कोणी दुसरं आहे. ती वळली. मुलगी डोळे गच्च मिटून उभी होती, दप्तर पोटाशी धरून, आणि फ्रॉक ओला झाला होता.

त्यानंतर दोघी खाली बसून रडल्या. ते पाहून बायका निंबाखालून धावत आल्या. रुख्मिणी सगळ्यांत पुढे होती, हातात भाकरीचा तुकडा तसाच. काय झालं ते कळल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग काठवालीनं पात घेतली का नाई, थे सांग आधी. पाच सालं झाले आमाले भेऊन."

सुंदराबाईनं डोळे पुसले आणि सांगितलं. हलक्या आवाजात, पूर्वीसारखंच. एका पोरीनं तिला पात दिली, तिनं ओटी भरून वेचलं, पाटलाच्या दारी नेऊन ओतलं आणि ती आपल्या गावाला निघून गेली. सांगता सांगता ती वेचू लागली, आणि बायका तिच्या दोन्ही बाजूंनी वेचू लागल्या. बाजारातून परतलेला बुधाजी धुऱ्यावर बैलाची वेसण चाचपत बराच वेळ उभा होता. शेवट होईपर्यंत त्याला ती वेसण काही जमली नाही. संध्याकाळी काठ इतक्या सालांत पहिल्यांदा रिकामा दिसला.

ललिता सोमवारी शाळेत गेली आणि मॅट्रिक होईपर्यंत जात राहिली. पुढे ती अमरावतीला नर्स झाली, राजापेठेत खोली घेऊन राहिली. माही माय कोणालेच भेत नाई, असं ती तिथल्या मैत्रिणींना सांगे.

तिच्या शाळेच्या वर्षांत मी मात्र रोज सकाळी शाळा झाडायला लवकर येत असे, आणि ओट्यावरून पाहत असे. सुंदराबाई मुलीला नाल्यापलीकडे पोचवी. मुलगी वळणाआड गेली की तिला एकटीलाच परत यायचं असे, हिवराखालून. एकदा मी विचारलं, अजून भीती वाटते का?

"वाटते ना, गुरुजी. मीच तर तिले घडवली. थे कशी हाय हे माह्यापेक्षा कोनाले मालूम?"

पदराचं टोक दातांत धरून, मान ताठ ठेवून, ती धुऱ्यावरून झपझप येई. मॅट्रिकपर्यंतच्या त्या सगळ्या वर्षांत तिनं मागे वळून पाहिलेलं मला एकदाही दिसलं नाही.